रामप्रसाद बोलला नाही

आमदारांची समिती दुसऱ्या दिवशी हिंगोलीला येणार होती, आणि गडद्यांच्या घरात दुपारपासून कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

दुपारी सोनाजी सर येऊन गेले होते. तालुक्याच्या दवाखान्यात दर मंगळवारी एक खोली उघडायची. ज्याचं मन बिघडलं आहे त्याच्यासाठी, आणि ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. सोनाजी सर त्या खोलीतले समुपदेशक. पाच वर्षांपूर्वी कायदा होऊन अशा खोल्या तालुक्यातालुक्यात सुरू झाल्या होत्या. पण कायद्याला मुदत होती, आणि ती येत्या मार्चअखेर संपत होती. नवा कायदा करून हे काम पुढं चालवायचं की थांबवायचं, हे ठरवण्याआधी समिती जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन लोकांचं ऐकून घेत होती.

"आकडे आमी फायलीत देणारच हावोत," सर म्हणाले होते. "पण समोर उभं राहून सांगणारं माणूस पाहिजे. सात जणायला विचारलं. पाच जण न्हाई म्हणले. एक बाई यायला तयार हाय."

"मी येतो सर," रामप्रसाद म्हणाला होता. एवढं चटकन, की सरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

त्याचा थोरला भाऊ परमेश्वर तेव्हा डोंगरकड्याच्या बाजारात होता. त्याला हे घरी आल्यावर बायकोकडून कळलं. ऐकता ऐकता त्याने डोक्यावरचा रुमाल काढून खाटेवर टाकला आणि पाय न धुता तसाच ओट्यावर बसून राहिला. रुख्मिणीबाईने पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्याने घेतला नाही.

दिवस मावळायला मेंढरं आली. म्हातारा बाप मसाजी खांद्यावरची घोंगडी सावरत मागून आला, आणि त्याच्या मागं रामप्रसाद, एक लंगडणारं कोकरू काखेत घेऊन. कोकरू आईपाशी सोडून, हात धुऊन तो ओट्याखाली येऊन उभा राहिला. थोरल्या भावाचं तोंड पाहूनच त्याला समजलं.

"कोणाला इचारून हो म्हणला तू?" परमेश्वरने विचारलं.

"कोणाला इचारायचं होतं दादा? माझंच तर सांगायचं हाय."

"तुझं एकट्याचं हाय का ते? रविवारी गोरेगावचे पाहुणे येऊन राहिले वैष्णवीला पाहायला. आन् उद्या गुरुवारी तू पेपरवाल्यायसमोर उभा राहून सांगशील, मी दारुड्या होतो? मोबाईलवर फिरतंय समदं आजकाल. रविवारपस्तोर गोरेगावात पोचंल."

रामप्रसादने मान खाली घातली. चार वर्षांमागं हाच रामप्रसाद डोंगरकड्याच्या भर बाजारात बापाच्या अंगावर धावून गेला होता. दोन माणसांनी धरला म्हणून म्हातारा वाचला. दुसऱ्याच मंगळवारी रागिणीने, त्याच्या बायकोने, त्याला हाताला धरून जीपमध्ये बसवलं आणि त्या खोलीत नेलं. पहिले तीन महिने तो थरथरायचा, शिव्या द्यायचा, दोनदा पळूनही आला. सोनाजी सर दोन्ही वेळा मोटरसायकल घेऊन वस्तीवर आले आणि मेंढरांमागं चालत चालत त्याच्याशी बोलले. त्यानंतर आजवर त्याने थेंबाला तोंड लावलं नव्हतं. त्याची आरोही आता सातवीत होती, आणि बाप घरी आला की लपून बसायचं विसरली होती.

"पेपरात येईना का," मसाजी खाली बसत म्हणाला. "चोरी करून येऊन राहिला का तो? माझ्यावर हात उगारला होता त्यानं. माझी तक्रार न्हाई, तर तुझी काहून?"

"तुमी गप बसा," दोघांची माय यशोदाबाई आतून आली. "तुमच्या लेकीला पाहायला येऊन राहिले का कोणी? झालं गेलं ते झालं. आता ते समद्या जिल्ह्यापुढं उकरून काढायचं काय नडलं हाय?"

"माय, त्या खोलीला कुलूप लागंल," रामप्रसाद म्हणाला.

"तू एकटा न्हाई गेला तर कुलूप लागंल व्हय? दुसरी लोकं हायत की बोलायला. ती बाई हाय म्हणं ना एक."

परमेश्वरला बरं वाटलं. माय आपल्या बाजूने बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. धाकट्यावर तिचा जीव जास्त, हे सगळं घर जाणून होतं. तो जरा सैल होऊन बसला.

चुलीपाशी रागिणी उभी होती. अठरा वर्षांत ती आपल्या भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. तिने पदर पुढं ओढला आणि सासूकडं पाहत म्हणाली, "मामी, त्यायला सांगा, मला बी आधी भेव वाटलं होतं. मी बी म्हणले, कशाला जायचं. पण हे म्हणले, सोनाजी सरायनं माझ्यासाठी मेंढरामागं पायपीट केली, आन् मला त्यायच्यासाठी हिंगोलीपस्तोर बी जाणं होऊ नये का. मग मला काही बोलता आलं न्हाई. जाऊ द्या म्हणा."

"जाऊ द्या काकायला, खरंच," आतल्या दारातून वैष्णवी बोलली, आणि मग तिने बापाकडं पाहिलं. "पप्पा, ज्या घराला काकायचं असं चालत नसंल, त्या घरात मी जाऊन काय करू?"

"तू आत जा," परमेश्वर ओरडला. एवढ्या जोरात, की वाड्यातली मेंढरं हलली. "सोयरिकीच्या दोन जागा हातच्या गेल्या. कशापायी गेल्या ते तोंडावर कोणी सांगितलं न्हाई, पण मला कळतं. तिसरी जाऊ देऊ? आन् उद्या पोरगी घरात बसली तर ह्यो आमदार येणार हाय का तिला पाहायला?"

आता वाद वाढेल म्हणून परमेश्वर वाट पाहत होता, आणि त्याच्याकडं सांगायला अजून बरंच होतं. हे घर त्याने उभं केलं होतं, पाच वर्षं सरपंच राहून गडद्यांचं नाव त्याने राखलं होतं, दारूच्या दिवसांत रामप्रसादला ओढ्यातून कितीदा उचलून आणलं होतं. हे सगळं त्याच्या ओठावर होतं.

पण रामप्रसाद भांडला नाही. "तू म्हणत असशील तर न्हाई जात दादा," तो म्हणाला. "वैष्णवीचं होऊ दे नीट. सरायला मी सांगतो काहीतरी."

मसाजी उठला आणि न जेवता वाड्याकडं निघून गेला.

*

गुरुवारी परमेश्वर पीकविम्याच्या कामाला म्हणून हिंगोलीला गेला. काम अर्ध्या तासात झालं. त्यानंतर समिती बसली होती त्या विश्रामगृहाकडं आपण का वळलो, हे त्याला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. सोनाजी सर आपल्या भावाचं नाव कुठं घेत तर नाहीत ना, एवढं पाहावं, असं तेव्हा त्याने मनाशी म्हटलं.

हॉलमध्ये पंखे फिरत होते. पुढं लांब टेबलामागं पाच आमदार, मधे अध्यक्षबाई. कोणीतरी अधिकारी उभा राहून कागदावरून वाचत होता. किती रुग्ण तपासले, किती शिबिरं झाली, किती टक्के सुधारणा. एक आमदार मोबाईल पाहत होता. परमेश्वर शेवटच्या रांगेत बसला.

मग रूपाबाई नावाची एक म्हातारी उठली. नरसीकडची होती. तिचा मुलगा दोन वर्षं घराबाहेर पडत नव्हता, भिंतीशी बोलायचा, मंगळवारच्या खोलीतून गोळ्या सुरू झाल्यावर आता शेतात जायला लागला, असं तिला सांगायचं होतं. पण "माझं लेकरू" एवढं म्हणून ती रडायला लागली, आणि मग काही केल्या तिला पुढचा शब्द काढता येईना. कोणीतरी तिला पाणी दिलं. मोबाईलवाल्या आमदाराने मोबाईल उलटा करून ठेवला. तिच्या मागून कोणीतरी उठून नीट सांगितलं असतं, तर त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं असतं. परमेश्वरने सरपंच म्हणून पन्नास सभा पाहिल्या होत्या. सभा कोणत्या घटकेला आपल्या हातात येते, हे त्याला समजत होतं.

"रामप्रसाद मसाजी गडदे," कारकुनाने यादीतून वाचलं.

म्हणजे रामप्रसादने कळवूनही सरांनी नाव काढलं नव्हतं. शेवटपर्यंत आशा ठेवली होती.

"रामप्रसाद मसाजी गडदे, तालुका कळमनुरी?"

"आले नाहीत का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "त्यांच्या घरातलं कोणी आहे का? घरातल्या माणसानं सांगितलं तरी चालेल. आम्हाला ऐकायचंय."

खिडकीपाशी उभ्या असलेल्या सोनाजी सरांनी वळून मागं पाहिलं, आणि त्यांची नजर परमेश्वरवर येऊन थांबली. त्यांनी खूणही केली नाही. परमेश्वरच्या मनात सगळं तयार होतं. माझा भाऊ आहे तो. ओढ्यात पडायचा. आता मेंढरं राखतो, लेकराला शाळेत सोडतो. चार वाक्यं होती. पण त्याला रविवार दिसला, गोरेगावची माणसं दिसली, आणि तो खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागला.

"ठीक आहे, पुढचं घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर सर भेटले. "दादा, रामप्रसाद आलाच न्हाई शेवटी?"

"ताप हाय त्याला," परमेश्वर म्हणाला.

"बरं," सर म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच त्याला घरापर्यंत टोचत राहिलं. घरी आल्यावर रामप्रसादने हळूच विचारलं, "हिंगोलीत काही कानावर आलं का बैठकीचं?" तेव्हा परमेश्वर म्हणाला, "मला काय माहीत? मी विम्याच्या रांगेत होतो."

*

रविवारी गोरेगावचे माणिकराव आणि सुमनबाई आले. मुलगा विजयकुमार वसमतला नोकरीला होता, शांत वाटला. वैष्णवीने चहा आणला, दोन प्रश्न झाले, पसंती तिथंच दिसून आली. जेवणं झाल्यावर माणिकराव म्हणाले, "चला, तुमचं शेळ्यामेंढरायचं पाहू," आणि परमेश्वरला घेऊन वाड्याकडं आले. रामप्रसाद तिथं कोकराच्या पायाला हळद लावत बसला होता. पाहुण्यांना पाहून तो उठला, रामराम करून बाजूला झाला.

तो लांब गेल्यावर माणिकराव म्हणाले, "हेच ना तुमचे धाकटे बंधू?"

"व्हय," परमेश्वर म्हणाला.

"माहीत हाय आमाला समदं. आमच्या भाच्याची सोयरीक डोंगरकड्यातलीच हाय. खरं सांगू का परमेश्वरराव, तेच ऐकून आमी या घरी आलो. माझा सख्खा साडू दारूपायी गेला. त्याच्या भावायनं त्याला घराबाहेर काढलं होतं. आन् तुमी समद्यायनं मिळून माणूस माघारी आणला. मी आमच्या सुमनला म्हणलं, असं घर असंल तर पोरगी डोळे झाकून करावी."

परमेश्वर कुंपणाच्या बोराटीला धरून उभा राहिला. काटा हातात गेला ते त्याला उशिरा कळलं.

"तालुक्याला कुठं खोली हाय म्हणं," माणिकराव सांगत होते. "आमच्याकडं सेनगावला बी हाय, पण लोकं लाजून जात न्हाईत. तुमच्या बंधूवानी एखाद्यानं उभं राहून सांगायला पाहिजे."

हे बोलणं परमेश्वरने घरात कोणालाच सांगितलं नाही. रुख्मिणीबाईलाही नाही. सगळे आनंदात होते, यशोदाबाईने साखर वाटली, रामप्रसादने वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवला. सांगितलं असतं तर चूक कोणाची हे उघडं झालं असतं. समिती अजून नांदेडला, परभणीला बसायची होती, रामप्रसादला तिथं नेता आलं असतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने ते मनातच ठेवलं. लग्न मे महिन्यात धरलं.

*

मार्चमध्ये अधिवेशन झालं. त्या कायद्याचं विधेयक यायचं होतं ते आलं नाही. पुढच्या अधिवेशनात पाहू, असं ठरलं म्हणे. नरसीच्या रूपाबाईच्या रडण्याने की कशाने कोण जाणे, अध्यक्षबाई सभागृहात दोनदा उठल्या होत्या, असं सोनाजी सर सांगत होते. पण इतर जिल्ह्यांतूनही फार कोणी बोललं नव्हतं. लोकांची मागणी दिसत नाही, असा शेरा कुठंतरी पडला होता. एकतीस तारखेला सरांची नेमणूक संपली.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी घरात शेतातली हळद शिजत होती. कढईच्या वाफेत सगळे घामाने भिजलेले. रामप्रसाद सकाळीच तालुक्याला गेला आणि दुपारी परत आला. "कुलूप हाय," एवढंच तो म्हणाला, आणि कढईतली हळद उपसू लागला. पुढच्या मंगळवारी तो परत गेला. कुलूप आहे हे माहीत असून गेला. दवाखान्याच्या ओट्यावर त्याच्यासारखेच आणखी दोघं बसले होते, तिघं थोडा वेळ बोलले आणि आपापल्या गावी गेले. तिसऱ्या मंगळवारी त्या दोघांपैकी एकच आला.

खोलीतून मिळालेल्या गोळ्या संपल्यावर रामप्रसाद परमेश्वरकडं आला. परमेश्वर लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत होता.

"दादा, सर म्हणले नांदेडला एक डॉक्टर हाय. बराबर तसंच काम करतो. येतो का संगं? मला एकट्याला जायला भ्या वाटून राहिलं. बसस्टँडच्या समोरच दुकान हाय दारूचं."

"आता पंधरा दिवसांवर लग्न आलं रामप्रसाद. एवढं होऊ दे. मग जाऊ."

"बराबर हाय," रामप्रसाद म्हणाला.

लग्नात तो पायाला भिंगरी लावल्यासारखा राबला. मांडव त्याने घातला, पंगतीत त्याने वाढलं. वैष्णवी जाताना त्याच्याच गळ्यात पडून रडली. मंडळी पांगली, मांडव उतरला, आणि परमेश्वर थकून आठ दिवस झोपला. नांदेडची आठवण त्याला कोणी करून दिली नाही, त्याची त्यालाही झाली नाही.

जूनमध्ये रागिणीला दारूचा वास आला. तिने महिनाभर कोणाला कळू दिलं नाही. परमेश्वरला कळलं तेव्हा तो बाजारच्या दिवशी चारचौघांत भावाला लागेल तसं बोलला. लाज कशी वाटत नाही, पोरीचं लग्न होऊन तीन महिने नाही झाले, लोकं काय म्हणतील. रामप्रसाद ऐकून घेत उभा राहिला आणि त्या दिवशी घरी आला नाही. या वेळी तो मारझोड करत नव्हता, शिव्याही देत नव्हता. नुसता प्यायचा. जेवण टाकलं होतं. भाकरीचे दोन घास मोडायचा आणि ताट सरकवायचा. दसऱ्याला त्याचे पाय लटपटू लागले. दिवाळीच्या पाडव्याला त्याने आरोहीला वैष्णवी म्हणून हाक मारली, आणि मेंढरं कोणत्या वाटेने आणायची ते विसरून कॅनॉलवर उभा राहिला.

नांदेडला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. नुसती दारू, पोटात अन्न नाही, त्याने मेंदूचं पोषण तुटलं. जीव वाचला. जुनं आठवेल. नवं मात्र टिकणार नाही. "मधे मधे जे रिकामं राहील ते तो मनानं भरील," डॉक्टर म्हणाले. "खोटं बोलतोय असं समजू नका. त्याला ते खरंच वाटतं."

दवाखान्याच्या ओसरीत यशोदाबाई परमेश्वरवर उलटली. "तू म्हणला म्हणून मी तुझ्या बाजूनं बोलले त्या दिवशी. म्हणलं, मोठा हाय, चार लोकांत उठतो बसतो, त्याला कळत असंल. माझ्या तोंडानं मी माझ्या लेकराला अडवलं रे." मसाजी तर त्याच्याशी बोलतच नव्हता. आणि रागिणी बोलली. या वेळी तिने सासूला मधे घातलं नाही. पदर खांद्यावर, डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत. "दादा, नांदेडला चल म्हणले होते हे तुमाला. एप्रिलमधी. हात जोडून म्हणले होते. तवा हेच डॉक्टर हितंच बसले होते."

परमेश्वरला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. बाटलीतलं पाणी घेऊन आत नवऱ्याकडं गेली.

*

डिसेंबरात नागपूरला विधेयक मंजूर झालं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आणखी पाच वर्षांसाठी चालू, चर्चेविना एकमताने. परमेश्वरने त्या चार ओळी तीनदा वाचल्या. कोणी विरोधात नव्हतंच. कोणी पुढं रेटायला नव्हतं, म्हणून नऊ महिने पडून राहिलं होतं.

जानेवारीत खोली उघडली. सोनाजी सर परत नेमले गेले. मधल्या काळात ते एका पतसंस्थेत कामाला होते, वाळले होते. पहिल्या मंगळवारी परमेश्वर भावाला मोटरसायकलवर मागं बसवून, कमरेला उपरण्याने आपल्याशी बांधून घेऊन आला. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. सर रामप्रसादला पाहून उठले, त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"सर, उघडली ना खोली?" रामप्रसाद हसून म्हणाला. चेहरा तोच होता, तेवढाच मोकळा. "मी म्हणलं होतं उघडंल. त्या दिवशी समद्यायनं ऐकलं ना."

"कोणत्या दिवशी?" सरांनी विचारलं.

"हिंगोलीला, बैठकीत." तो शेजारच्या माणसाकडं वळला. हात कापणारा, नुकताच आलेला एक चाळिशीचा माणूस होता तो. "मी उभा राहिलो बरं का. पाच आमदार होते. आधी पाय कापले. मग म्हणलं, साहेब, मी बापावर हात उगारलेला माणूस हाय. माझी लेक मला पाहून कोठीत लपायची. सरायनं मला मेंढरामागं चालून चालून माणसात आणलं. तुमी खोली बंद केली तर माझं काही न्हाई, मी आता बरा हाय. पण माझ्या मागून जो येईल, त्यानं कुठं जायचं? असं म्हणलो. समदे गप झाले. आमदारीणबाईच्या डोळ्यात पाणी आलं."

तो माणूस लक्ष देऊन ऐकत होता. त्याचे हात थोडे थांबले होते.

"लई चांगलं बोललात," तो म्हणाला.

"आमच्या दादानं नेलं होतं मला," रामप्रसाद परमेश्वरच्या गुडघ्यावर हात ठेवत म्हणाला. "घरात वाद झाला, माय बी न्हाई म्हणत होती. हाच म्हणला, चल, मी हाय संगं. याच मोटरसायकलवर गेलो आमी."

सोनाजी सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

परमेश्वरने भावाचा हात धरला. "रामप्रसाद, मी नेलं न्हाई तुला," तो म्हणाला. त्याने नेटाने पुढं सांगितलं. "मी अडवलं होतं. मी एकटा गेलो होतो तिथं. तुझं नाव पुकारलं. घरातलं कोणी हाय का इचारलं, आन् मी उठलो न्हाई. तू बोललाच न्हाई रे त्या दिवशी."

रामप्रसाद त्याच्याकडं पाहत राहिला, आणि मग त्याला हसू आलं. मोठ्या भावाने थट्टा करावी आणि धाकट्याला ती आवडावी, तसं.

"काय बी बोलून राहिला दादा," तो म्हणाला. "तू कशाला अडवशील मला?"

थोड्या वेळाने नवं माणूस येऊन बाकावर बसलं, आणि रामप्रसादने त्यालाही पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. परमेश्वरने आता मधे तोंड घातलं नाही. तो शेवटपर्यंत ऐकत बसला.

दिवस कलायच्या आत ते घरी आले. रागिणीने नवऱ्याला उतरवून घेतलं, खाटेवर बसवलं, चहा दिला. परमेश्वर मोटरसायकल टेकवून अंगणातच उभा होता. ती बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "रागिणी, मी त्या दिवशी तिथं होतो. बैठकीत. कोणाला सांगितलं न्हाई अजून. बोलता आलं असतं, मी बोललो न्हाई."

ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यायला सांगायला पाहिजे होतं तुमी."

"सांगितलं आज."

"मग?"

"हसला," परमेश्वर म्हणाला.